एकोणीस रेघा

विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा चाळताना ती चिठ्ठी हाती आली. वहीचे पान हातानेच फाडून केलेला अर्धा तुकडा, एका बाजूला दातेरी कड, आणि त्यावर निळ्या पेनाने ओढलेल्या रेघा. चार उभ्या आणि त्यांना छेदणारी एक तिरपी, असे पाच-पाचांचे तीन जुडगे होते. त्यांच्यापुढच्या शेवटच्या, चौथ्या जुडग्यात चारच उभ्या रेघा होत्या, तिरपी रेघ यायची राहिली होती. खाली बारीक, काळजीपूर्वक काढलेल्या अक्षरांत एकच ओळ होती : ‘मॅडम “ते लोक” १९ वेळा म्हणाल्या.’ बाकीच्या चिठ्ठ्यांवर ‘छान’, ‘समजले’, ‘थोडे हळू बोलावे’ असे नेहमीचे शेरे होते. या चिठ्ठीत मात्र ना स्तुती होती ना तक्रार. कोणीतरी वीस मिनिटे मोजत बसले होते आणि मोजून झाल्यावर आकडा लिहून निघून गेले होते.

गुन्हेगारीशास्त्राच्या अधिव्याख्यात्याची एक जागा आम्हाला भरायची होती. निवड समितीत विभागाच्या वतीने मी होते. आलेल्या अर्जांतून पाच उमेदवार निवडले होते आणि प्रत्येकाने द्वितीय वर्षाच्या वर्गासमोर वीस मिनिटांचे नमुना व्याख्यान द्यावे, दुसऱ्या दिवशी मुलाखत व्हावी, असे ठरले होते. विद्यार्थ्यांकडून चिठ्ठ्या घ्याव्यात हा आग्रह माझा होता. तो मान्य करताना समितीने स्पष्ट केले होते की चिठ्ठ्यांना गुण नाहीत. त्या केवळ माहितीसाठी. मीही ते मान्य केले होते, कारण वीस मिनिटांच्या ओळखीवर एखाद्याच्या नोकरीचा निकाल विद्यार्थ्यांच्या हाती देणे मलाही योग्य वाटत नव्हते.

ज्या व्याख्यानाबद्दल ती चिठ्ठी होती, ते पाचांतले सर्वांत चांगले व्याख्यान होते. हे मी आजही म्हणेन. विषय होता वारंवार गुन्हा करणाऱ्यांचा, आणि उमेदवार बाईंनी त्यासाठी फिलाडेल्फियाचा तो प्रसिद्ध अभ्यास घेतला होता, जो मार्विन वोल्फगँग, रॉबर्ट फिग्लिओ आणि थॉर्स्टन सेलिन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. १९४५ साली जन्मलेली आणि दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत त्याच शहरात राहिलेली ९,९४५ मुले. त्यांपैकी पोलिसांच्या नोंदीत एकदा तरी आलेली ३,४७५. आणि पाच किंवा त्याहून अधिक वेळा आलेली फक्त ६२७. या ६२७ मुलांच्या वाट्याला एकूण नोंदींपैकी ५२ टक्के नोंदी जात होत्या. बाईंनी पडद्यावर आधी सगळी मुले ठिपक्यांच्या रूपात दाखवली, मग एकेक थर पुसत नेला आणि शेवटी कोपऱ्यात तो लहानसा पुंजका उरला. वर्गात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. मागच्या बाकांवरची नेहमी कुजबुजणारी मुलेही पुढे झुकली होती. पंख्याची घरघर, पडद्यावरचा निळसर उजेड, आणि त्या उजेडात एका अवघड विषयाची उकल होत जाताना पाहण्याचा आनंद, हे सगळे मला स्पष्ट आठवते. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि गुणपत्रकातल्या ‘विषयाची मांडणी’ या रकान्यात मी त्यांना त्या दिवसाचे सर्वाधिक गुण दिले.

त्या एकोणिसांपैकी एकही ‘ते लोक’ मला ऐकू आले नव्हते.

मला टोचत राहिले ते हेच. बाईंनी तो शब्द वापरला याचे मला फारसे नवल नव्हते. बोलण्याच्या ओघात तो कोणाच्याही तोंडी येतो. पण माझ्यासारखीने, जिने या विषयाच्या वर्गात आयुष्याची पंचवीस वर्षे घालवली आहेत, तो एकदाही ऐकू नये, आणि वीस वर्षांच्याही आतल्या कोणीतरी प्रत्येक वेळी तो ऐकून त्याची रेघ ओढावी, याचा अर्थ काय? ज्या शब्दाने आपल्याला काही होत नाही तो शब्द आपल्याला ऐकूही येत नाही. ज्याला तो लागतो त्याला तो प्रत्येक वेळी ऐकू येतो.

त्या रात्री मी ‘ते’ या शब्दाचा बराच वेळ विचार करत होते. आपल्या भाषेत हा शब्द चमत्कारिक रीतीने दुहेरी आहे. वडिलांविषयी, गुरूंविषयी, ज्यांचा मान राखायचा त्या कोणाविषयीही आपण ‘ते आले, ते म्हणाले’ असे बोलतो. आणि ज्यांच्याशी आपले नाते नको आहे त्यांच्याविषयीही ‘ते’च म्हणतो. त्याला ‘लोक’ जोडला की मान गळून पडतो आणि अंतर तेवढे उरते. याच भाषेने आपल्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्दही दिले आहेत. ‘आम्ही’ म्हणताना समोरचा बाहेर उभा राहतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. वर्गात शिकवणारा माणूस दिवसभर या शब्दांमधून निवड करत असतो आणि ती निवड बहुतेक वेळा त्याच्या नकळत होते. गणिताच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या वर्गात यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. आमच्या विषयात मात्र बिघडते, कारण आमच्या विषयातली आकडेवारी जिवंत माणसांची असते आणि त्यांतली काही माणसे, किंवा त्यांची मुले, बहिणी, भाऊ, वर्गातल्या बाकांवर बसलेली असतात. गुन्हा ज्यांच्याबाबत घडला तेही बसलेले असतात, आणि पुष्कळदा ही दोन घरे वेगळी नसतात.

या विषयाचा जन्मच मुळी ‘ते’ या शब्दातून झाला, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही. इटलीतले डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझो यांनी १८७६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा गुन्हेगार हा जन्मतःच वेगळ्या घडणीचा माणूस असतो, त्याची कवटी, जबडा, कान यांवरून तो ओळखता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. कवट्या मोजण्याच्या त्या खटाटोपामागे क्रूरपणा नव्हता. उलट शिक्षेचा विचार माणूस पाहून व्हावा, अशी त्यांची धारणा होती. पण त्यांनी गुन्हेगार हा एका वेगळ्या जातीचा प्राणी करून टाकला. पुढे चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमधल्या सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे घेऊन ती इतर माणसांच्या मोजमापांशी ताडून पाहिली आणि १९१३ मध्ये जाहीर केले की असा शारीरिक नमुना काही सापडत नाही. लोम्ब्रोझो १९०९ मध्येच गेले होते. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा सांगाडा त्यांच्याच तुरिनमधल्या संग्रहालयाला दिला गेला, आणि आज तो त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या कवट्यांच्या सोबत तेथे उभा आहे. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. सांगताना मला नेहमी वाटते की जिवंतपणी जे अंतर त्यांनी इतक्या कष्टाने मोजले, ते या एका दालनात मिटले आहे.

नंतरच्या अभ्यासकांनी हे अंतर वेगवेगळ्या बाजूंनी कमी केले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ च्या भाषणात प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांकडे बोट दाखवले आणि १९४९ च्या पुस्तकात ७० बड्या कंपन्यांविरुद्ध गेलेल्या ९८० निर्णयांचा हिशेब मांडला. बदनामीच्या खटल्याच्या धास्तीने त्या पुस्तकातून कंपन्यांची नावे गाळली गेली आणि ती पूर्ण स्वरूपात छापली जायला १९८३ साल उजाडावे लागले. रस्त्यावर पकडलेल्या मुलाचे नाव मात्र कोणत्याही धास्तीशिवाय नोंदवहीत चढते. १९४७ मध्ये वॉलरस्टीन आणि वायल या दोघांनी न्यूयॉर्कच्या परिसरातल्या सुमारे १,७०० सामान्य नागरिकांना निनावी प्रश्नावली दिली, तेव्हा त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी कायद्याने शिक्षापात्र असे काही ना काही आपण केल्याचे कबूल केले. हे सगळे आम्ही शिकवतो, परीक्षेत त्यावर प्रश्न विचारतो, उत्तरांना गुण देतो. आणि तरीही बोलताना ‘ते लोक’ म्हणतो.

जाहिरातीचा मसुदा करतानाच आमचा पहिला वाद झाला होता. पात्रता कोणत्या विषयातली मागायची? या विषयाला स्वतःचे असे घर नाही. तो कधी कायद्याच्या आश्रयाला राहिला, कधी समाजशास्त्राच्या, कधी मानसशास्त्राच्या, आणि सुरुवातीला तर वैद्यकाच्या. गुन्हेगारीशास्त्रज्ञ हा राज्य नसलेला राजा असतो, हे वाक्य ज्यांच्या नावावर सांगितले जाते ते सेलिन म्हणजे फिलाडेल्फियाच्या अभ्यासातले तिसरे नाव. कायद्याच्या प्राध्यापकांना कलमे शिकवणारा माणूस हवा होता, समाजशास्त्रवाल्यांना क्षेत्रकाम केलेला, आणि कुलसचिवांच्या कार्यालयाला कोणत्याही हरकतीला टिकेल असा. शेवटी ‘संबंधित विषयातील पदवी’ असे लिहून आम्ही सुटका करून घेतली आणि खरा निर्णय गुणपत्रकावर ढकलला. शैक्षणिक पात्रता, शोधनिबंध, अध्यापनाचा अनुभव, नमुना व्याख्यान, मुलाखत. माणसाच्या आवडीनिवडींपेक्षा असे रकाने बरे, यावर माझा विश्वास आहे. मात्र हा माणूस ज्यांच्याविषयी बोलतो त्यांच्याकडे कोठून पाहतो, याला रकाना नव्हता, आणि तो कसा असावा हे मलाही सुचले नसते. दुसऱ्या एका सदस्यांनी ‘प्रत्यक्ष अनुभव’ असा रकाना सुचवला तेव्हा त्यांच्या मनात पोलीस किंवा तुरुंग खात्यातली नोकरी होती. मला तेव्हा जॉन आयर्विन आठवले होते. सशस्त्र लुटीबद्दल पाच वर्षे तुरुंगात काढून नंतर ते समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि तुरुंगावर त्यांनी केलेले लेखन आजही वाचले जाते. तो अनुभव आमच्या रकान्यात बसला असता का, हा प्रश्न मी त्या बैठकीत विचारला नाही. विचारायला हवा होता.

चिठ्ठी पाहिल्यापासून मला एक जुनी विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा आठवू लागली. मी शिकवायला लागून तीन-चार वर्षे झाली असतील. लंडनमधल्या ४११ मुलांचा १९६१ पासून केलेला दीर्घकालीन अभ्यास मी तेव्हा मोठ्या उत्साहाने शिकवत असे. त्यातला एक निष्कर्ष असा आहे की सगळ्या कुटुंबांना मिळून झालेल्या शिक्षांपैकी निम्म्या शिक्षा जेमतेम सहा टक्के कुटुंबांच्या वाट्याला आल्या होत्या. मी तो फळ्यावर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि वर्गाकडे वळून म्हणाले, “पाहिलेत? गुन्हा घराण्यात चालतो.” तास संपल्यावर पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी वह्या आवरत रेंगाळली. सगळे गेल्यावर तिने विचारले, “मॅडम, त्या घरांतली जी मुले तशी झाली नाहीत, त्यांचे काय झाले?” मी तिला शेकडेवारी सांगितली. प्रश्न मला आवडला होता, म्हणून मी तिला दोन निबंधांची नावेही लिहून दिली. तिने कागद घेतला, घडी घातली, आभार मानले. पुढच्या तासापासून ती शेवटच्या बाकावर बसू लागली. तिच्या वडिलांविषयी मला पुष्कळ नंतर कळले. कसे कळले ते येथे सांगण्याचे कारण नाही. तिने मला आकडा विचारलाच नव्हता. आकडा चुकीचा नव्हता, आणि मी फळ्यावर लिहिलेल्यातले एक अक्षरही आज मला खोडावे लागणार नाही. फक्त ते तोंडी वाक्य माझे होते. ते अभ्यासात कोठेही नव्हते.

म्हणून त्या उमेदवार बाईंवर रागावणे मला शक्यच नव्हते.

दुसरे ज्यांच्याविषयी लिहायला हवे ते उमेदवार वयाने मोठे होते. त्यांनी अनेक वर्षे परिविक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवलेल्या मुलांसोबत, काम केले होते आणि उशिरा संशोधनाकडे वळले होते. शोधनिबंध मोजके होते. त्यांनी पडदा वापरला नाही. खडू घेतला आणि फळ्यावर लिहू लागले, तेही इतक्या लहान अक्षरांत की चौथ्या रांगेपासून मागे काही दिसत नव्हते. विषय होता केंब्रिज-सॉमरव्हिलचा प्रयोग. मॅसॅच्युसेट्समध्ये रिचर्ड कॅबट या डॉक्टरांच्या कल्पनेतून सुरू झालेल्या त्या प्रयोगात ५०६ मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या, आणि प्रत्येक जोडीतला कोणता मुलगा मदतीच्या गटात जाईल हे नाणे उडवून ठरवले गेले. निवडलेल्या मुलांना सरासरी पाच वर्षे समुपदेशक भेटत राहिले. शिकवणी, औषधोपचार, सुट्टीतली शिबिरे, सगळे मिळाले. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड यांनी ही माणसे पुन्हा शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी आपल्याला तिचा उपयोग झाला असे सांगितले. नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, अकाली मृत्यू, यांत मदत मिळालेला गटच अधिक वाईट ठरला होता.

हे शेवटचे त्यांनी सांगितले तेव्हा वीस मिनिटे संपून गेली होती आणि अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले होते. त्यांचा आवाज खाली गेला, मागच्यांना निष्कर्ष ऐकूच आला नाही. तशी तक्रार चार चिठ्ठ्यांवर होती. जे ऐकू आले ते असे होते : “आपण कोणाचे तरी भले करायला जातो तेव्हा आपल्याला वाटते की वाईटात वाईट म्हणजे काही फरक पडणार नाही. आपण हे धरूनच चालत नाही की आपल्यामुळे...” आणि ते थांबले, फळ्याकडे वळले, काहीतरी पुसले. तो पूर्णविराम नव्हता, ती आठवण होती, असे मला तिसऱ्या रांगेतून वाटले. पण ‘वेळेचे नियोजन’ या रकान्यात मी त्यांना कमी गुण दिले, आणि ते न्याय्यच होते.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी अध्यक्षांना ती चिठ्ठी दाखवली आणि बाईंना त्याविषयी विचारण्याची परवानगी मागितली. त्यांनी चिठ्ठी शांतपणे वाचली, रेघा बोटाने मोजल्या आणि नकार दिला. एका उमेदवाराला विचारलेला प्रश्न बाकीच्यांना विचारला नसेल तर ती तुलना राहत नाही, असे ते म्हणाले. ते बरोबर होते, आणि ते बरोबर आहेत हे आमच्याच विषयाने सिद्ध केलेले आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात केलेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मी स्वतः शिकवते. सारख्याच पात्रतेच्या तरुणांना त्यांनी ३५० ठिकाणी नोकरी मागायला पाठवले. गोऱ्या तरुणांच्या जोडीत तुरुंगवासाचा उल्लेख नसलेल्याला ३४ टक्के ठिकाणांहून पुढचे बोलावणे आले, उल्लेख असलेल्याला १७ टक्के. काळ्या तरुणांच्या जोडीत हेच आकडे १४ आणि ५ होते. म्हणजे निष्कलंक काळ्या तरुणाला शिक्षा भोगलेल्या गोऱ्या तरुणाइतकीही संधी नव्हती. त्या नोकऱ्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण काही अन्याय केला असे वाटलेही नसेल. त्यांनी आपापल्या अंतर्मनाचा कौल घेतला असेल. मीही त्या सकाळी अंतर्मनाचाच कौल घेऊन अध्यक्षांकडे गेले होते. म्हणून आम्ही तोडगा काढला. एकच प्रश्न, त्याच शब्दांत, पाचही जणांना विचारायचा. मी तो कागदावर लिहून काढला : ‘तुम्ही शिकवत असलेला विषय ज्याच्या घरात प्रत्यक्ष घडून गेला आहे, असा विद्यार्थी वर्गात बसला असेल, तर तुमच्या व्याख्यानात काय बदलेल?’

तिघांनी संवेदनशीलतेविषयी चांगली, आटोपशीर उत्तरे दिली. ती मी विसरले आहे.

बाई क्षणभरही थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “काही बदलणार नाही. त्या विद्यार्थ्याला पाहून मी आकडे मवाळ केले तर मी त्याला दुबळा समजते असा अर्थ होईल. त्याला सर्वांत जास्त गरज खऱ्या माहितीची आहे, कारण खोटी माहिती त्याने सगळीकडून ऐकलेली असते.” हे उत्तर मी अपेक्षिले नव्हते आणि ते मला मनापासून पटले. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी दिलेली दोन निबंधांची नावे मला आठवली. कदाचित तेवढेच मी तिच्यासाठी योग्य केले होते. आणि तरीही त्या उत्तरात एक गोष्ट राहून गेली होती. फिलाडेल्फियाच्या त्याच अभ्यासात नोंद झालेल्या ३,४७५ मुलांपैकी १,६१३ मुले एकदाच नोंदीत आली आणि पुन्हा कधीच आली नाहीत. बाईंच्या पडद्यावर ते ठिपके पहिल्या काही क्षणांतच पुसले गेले होते. आकडा खोटा नव्हता, फक्त कोणता आकडा शेवटपर्यंत पडद्यावर ठेवायचा हे कोणीतरी ठरवले होते. पाचव्या नोंदीशी रेघ ओढली म्हणून ६२७ हा गट तयार झाला. चार नोंदींचा मुलगा त्यात नाही, पाचवी झाली की आहे. चिठ्ठीवरच्या शेवटच्या जुडग्यातल्या त्या चार रेघा मला तेव्हा आठवल्या.

परिविक्षा अधिकारी राहिलेल्या गृहस्थांनी प्रश्न ऐकून मान खाली घातली. बराच वेळ कोणी बोलले नाही. लेखनिकाने पेन उचललेले तसेच धरून ठेवले होते. मग ते म्हणाले, “माझ्या देखरेखीखाली एक मुलगा होता. न्यायालयाला मी त्याच्याविषयी अहवाल देत असे. एकदा त्याने मला विचारले, साहेब, त्या कागदावर माझे नाव कितव्या ओळीत येते? मी म्हटले, पाहून सांगतो. घरी जाऊन मी पाहिले, तर...” येथे त्यांनी सांगायला सुरुवात केली ती मुलाच्या घराची, त्याच्या आजीची, एका हुकलेल्या तारखेची हकीकत होती, आणि ती मूळ वाक्याकडे परत येण्याआधी त्यांची वेळ संपली. अध्यक्षांनी सौम्यपणे त्यांना थांबवले. ते लगेच उठले, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, सर्वांना नमस्कार केला. नाव कितव्या ओळीत होते हे मला आजतागायत माहीत नाही. दारापर्यंत जाऊन विचारावे असे वाटले होते, पण पुढचा उमेदवार बाहेर बसला होता.

गुणांची बेरीज झाली तेव्हा बाई पहिल्या होत्या आणि दुसऱ्या क्रमांकाशी त्यांचे अंतर अकरा गुणांचे होते. चर्चा लांबली नाही. मी परिविक्षेतल्या अनुभवाविषयी बोलले. बाहेरून आलेल्या विषयतज्ज्ञांनी ते मान्य केले आणि म्हटले की वर्गाला पहिल्याच वर्षी संशोधनपद्धती शिकवणारे कोणी हवे आहे. तेही खरे होते. गेली दोन वर्षे तो विषय रडतखडत चालला होता आणि त्याचा त्रास विद्यार्थ्यांनाच झाला होता. कार्यवृत्तात चिठ्ठ्यांविषयी काय लिहायचे असे लेखनिकाने विचारले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अनुकूल.’ तीस चिठ्ठ्यांपैकी सत्तावीस अनुकूल होत्या, दोन कोऱ्या होत्या आणि एक ही होती. वाक्य बरोबर होते. मी सही केली. सही करताना माझा हात थरथरला वगैरे काही नाही. मला तो निर्णय योग्य वाटत होता आणि आजही बहुतेक दिवशी वाटतो. काही दिवशी मात्र संध्याकाळी, दालने रिकामी झाल्यावर, फळ्यावरची ती लहान अक्षरे डोळ्यांसमोर येतात, आणि त्या वर्गात जो कोणी रेघा ओढत बसला होता त्याने त्या दुसऱ्या व्याख्यानात काही लिहिले असेल का, असा विचार मनात येतो. मी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या होत्या. ते निळे पेन आणि ती बारीक अक्षरे दुसऱ्या कोणत्याही चिठ्ठीवर नव्हती.

चिठ्ठी गुणपत्रकाचा भाग नसल्यामुळे ती निवडीच्या पाकिटात गेली नाही. ती माझ्या रोजनिशीत राहिली.

बाई रुजू झाल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्या माझ्या खोलीत आल्या, हातात पुस्तके, बोटांना खडूची पूड. वेळापत्रकाचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, “त्या दिवशी मुलांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या ना? मला त्या पाहता येतील का? वर्ग कसा आहे ते कळेल.” मी खणातून गठ्ठा काढला. रोजनिशीतली चिठ्ठी वेगळीच ठेवावी असे एक क्षण वाटले, आणि ते वाटणे मला आवडले नाही, म्हणून मी ती काढून गठ्ठ्यावर ठेवली. बाईंनी ती उचलली. त्यांचा चेहरा बदलला, पण मी अपेक्षिले तसा नाही. मोजमापात गोंधळ आढळल्यावर अभ्यासकाच्या कपाळावर जी आठी पडते तशी आठी पडली. त्यांनी रेघा मोजल्या, ओठ न हलवता, नंतर खालची ओळ वाचली, आणि पुन्हा रेघा मोजल्या. खिडकीबाहेर तास सुटल्याचा गलका होत होता.

“माझे व्याख्यान वीस मिनिटांचे होते,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“पहिली सात-आठ मिनिटे मी फक्त पद्धतीविषयी बोलले होते. त्यात हा शब्द येण्याचे कारणच नव्हते.” त्या थोडा वेळ मनातल्या मनात हिशेब करत राहिल्या. मग त्यांनी चिठ्ठी दोन बोटांत धरून विचारले, “ही मी नेऊ का?” मी होकार दिला. त्यांनी ती हातातल्या पुस्तकात ठेवली, पुस्तक मिटले, आणि त्यांच्या पुढच्या तासाची वेळ झाली होती म्हणून त्या वर्गाकडे निघाल्या.